स्त्रीगीतांतील प्रथम पुरुष

कोल्हापूरच्या उत्तरेस, जोतिबाचा डोंगर मागे टाकून वारणेच्या खोऱ्याकडे उतरू लागले की पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे गाव लागते. या बाजूची एखादी वयस्क स्त्री 'मी उद्या बाजाराला जातो' किंवा 'मी कालच आलो' असे म्हणते, तेव्हा पुण्याकडून आलेल्या श्रोत्याला ते चमत्कारिक वाटते. प्रमाण मराठीत जेथे 'जाते' आणि 'आले' ही रूपे अपेक्षित असतात, तेथे कोल्हापुरी बोलीत प्रथम पुरुषी एकवचनाला स्त्रीलिंगी रूप वेगळे ठेवण्याची गरज भासत नाही. कानडीत प्रथम पुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. त्या भाषेचे सान्निध्य पाहता या घटनेचे एक कारण तेथे असणे संभवनीय आहे. बोलीच्या अभ्यासकांना ही गोष्ट परिचयाची आहे, आणि नाटक-चित्रपटांनी तिचा विनोदासाठी हवा तेवढा उपयोगही करून घेतलेला आहे. परंतु ज्या वाङ्मयप्रकारात स्त्रीने आपल्या आयुष्यातील दुःख आणि भय गीतरूप केले, त्या वाङ्मयाचा विचार करताना 'मी' हा शब्द कोण, कोणाला आणि कोणत्या रूपात उच्चारते हा प्रश्न विनोदाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे.

वैयक्तिक दुःखाचे गीत कसे होते, या प्रश्नाचे जे उत्तर नेहमी दिले जाते ते असे : मनात साठलेले बाहेर पडते, आणि गाणारीचे मन हलके होते. हे उत्तर खोटे नाही. परंतु त्याने फारसे काही सांगितलेही जात नाही. मन हलके होण्यास रडणे पुरते. पाणवठ्यावर शेजारणीपाशी चार शब्द बोलल्यानेही ते होते. मग गाणेच का रचावे? जे रडण्यात नाही आणि बोलण्यात नाही असे गीतात काही तरी असले पाहिजे. ते सुरात आहे असे संगीतज्ञ म्हणतील. तथापि जात्यावरच्या ओवीची चाल अगदी थोड्या स्वरांत फिरणारी असते आणि शेकडो ओव्या एकाच चालीवर म्हटल्या जातात. एका स्त्रीचे दुःख दुसरीच्या दुःखाहून वेगळे होते ते चालीने नव्हे. तो भेद शब्दांत, आणि त्यातही वाक्याच्या रचनेत शोधावा लागतो.

प्रथम जात्याची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. पहाटेची वेळ, घरातील इतर माणसे निजलेली किंवा अर्धवट जागी, आणि खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या दोन स्त्रिया. एक हात ओढतो, दुसरा मूठमूठ जोंधळा वैरतो. ही प्रथा किती जुनी आहे याचा एक निश्चित पुरावा बाराव्या शतकातील आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडणाच्या वेळी ओवी गातात असा उल्लेख येतो. हा ग्रंथ ११३० च्या आसपासचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे १६० वर्षे आधीचा आहे. ग्रंथात शिरण्यापूर्वी ओवी जात्या-उखळापाशी होती, हे त्यावरून मानावयास हरकत नाही.

या परिस्थितीचा भाषिक अर्थ असा की, जिच्याविषयी तक्रार आहे ती सासू बहुधा भिंतीपलीकडेच असते. ती ऐकत नाही असे नव्हे. घरघरीतूनही ओवीचा शब्द कळतो. परंतु बोलण्याचा जाब विचारता येतो, तसा गाण्याचा विचारता येत नाही. 'सासूबाई मला छळतात' हे वाक्य सुनेने गद्यात उच्चारले तर ती कागाळी ठरते, आणि कागाळीला उत्तर मिळते. तोच आशय जात्याला देव मानून त्याला सांगितला, किंवा समोर बसलेल्या सईला उद्देशून म्हटला, की वाक्याचा द्वितीय पुरुष बदलतो. सासू ऐकणारी राहते, पण ती संबोधित नसते. ज्याला उद्देशून बोलले गेले नाही त्याला उत्तर देण्याचा अधिकार नाही, हा संभाषणाचा अलिखित नियम आहे, आणि ओवी त्या नियमाचा पुरेपूर फायदा घेते. ओवीत संबोधने इतकी दाट का असतात याचे कारण केवळ मात्रा भरून काढणे हे नव्हे. गं बाई, सई, भाऊराया, कासारदादा, देवा ही सारी संबोधने बोलणे इच्छित ठिकाणी न पाठविता दुसरीकडे पाठवितात, आणि तरीही ते इच्छित ठिकाणी पोहोचते.

संबोधनाप्रमाणेच नामांचेही. पतीचे नाव न उच्चारण्याचा निर्बंध सर्वांना ठाऊक आहे. उखाणा हा त्या निर्बंधातून समारंभापुरती काढलेली पळवाट होय. ओवीत मात्र ही पळवाट राजमार्ग होते. पती हा चुडा होतो, कुंकू होतो, कंथ होतो. मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. वरवर पाहता ही ठराविक शब्दांची यादी आहे, आणि कित्येक टीकाकारांनी ओवीला साचेबंद म्हटले ते या यादीकडे बोट दाखवून. परंतु अशा यादीखेरीज काही गोष्टी बोलताच येत नाहीत. फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवरील कारेलिया प्रदेशात स्त्रिया जी विलापगीते गात, त्यांत आप्तांचा निर्देश सरळ नात्याच्या शब्दाने न करता आलंकारिक पर्यायांनीच करावा असा संकेत आहे. आई म्हणजे आई असे म्हणावयाचे नाही, तिला वळसा घालून सांगावयाचे. दोन दूरच्या समाजांतील स्त्रियांनी दुःखासाठी असा वळणाचा शब्दसंग्रह जपावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. उघड शब्द जिभेवर येत नाही तेथे ठराविक शब्द मदतीला येतो. म्हणून साचा हा खाजगी अनुभवाचा शत्रू असतो, हे गृहीत येथे तपासून घेतले पाहिजे.

या दृष्टीने 'अहेव मरणा'च्या ओव्या विशेष पाहण्यासारख्या आहेत. मराठी ओवीसंग्रहांत हा विषय पुनःपुन्हा येतो. जुन्या व्यवस्थेत विवाहितेच्या आयुष्यातील सर्वांत मोठे भय म्हणजे वैधव्य. ते भय भय म्हणून उच्चारणे अशुभ. 'माझा नवरा मेला तर' हे वाक्य कोणतीही स्त्री तोंडाबाहेर काढणार नाही. ओवी काय करते? ती या भयाचे रूपांतर इच्छेत करते, आणि इच्छेचे वर्णनात. गाणारी आपलीच अंत्ययात्रा पाहते : मळवट भरलेला आहे, हिरवा चुडा आहे, माहेराहून भावाने लुगडे आणले आहे, रस्त्याने हळदीकुंकू उधळले जात आहे, लोक भाग्यवान म्हणून नाव घेत आहेत. जिच्या प्रेताचे वर्णन चालले आहे तीच दळत बसलेली आहे. येथे 'मी' दोन ठिकाणी आहे, एक जात्यापाशी आणि एक तिरडीवर, आणि पहिली दुसरीकडे पाहत आहे. भयाचा विषय असलेला पती वाक्यातून जवळजवळ नाहीसा झालेला असतो. तो जिवंत आहे एवढेच चुड्यावरून कळते. भीतीचा एकही शब्द न वापरता संपूर्ण भीती सांगून टाकण्याची ही रीत, मराठी भाषेत इतक्या नेटकेपणाने अन्यत्र क्वचितच सापडेल. आधुनिक वाचकाला या ओव्यांत केवळ पातिव्रत्याचा गौरव दिसतो. गौरव आहेच, पण ज्या समाजात विधवेच्या वाट्याला काय येते हे प्रत्येकीने शेजारच्या घरात पाहिलेले असे, तेथे हा गौरव कशाच्या धाकाने उभा राहिला हेही ऐकू येण्यास हरकत नसावी.

सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत हाच पालट आणखी एका पायरीने पुढे जातो. येथे 'मी' नाहीच. गर्भार सीतेला अरण्यात सोडलेले आहे, तिला कोणी विचारीत नाही, बाळंतपणाला जवळ माणूस नाही, निजावयास दगडाची उशी आहे. कथा रामायणाची, परंतु निवड दळणारीची. लंकेचे युद्ध, सेतू, हनुमानाचे पराक्रम यांपेक्षा टाकलेल्या स्त्रीचा भाग तिला जवळचा वाटतो, कारण त्या भागाचा कर्ता बदलला तरी वाक्य खरे राहते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर प्रथम पुरुषाची जागा तृतीय पुरुषाने घेतली, पण क्रियापदाचा अनुभव पहिल्याचाच राहिला.

ओवी गाणारी आपले नाव सांगत नाही. नाव सांगणारी स्त्री पाहावयाची तर वारकरी परंपरेकडे वळावे लागते, आणि योगायोग असा की त्यातील सर्वांत ठळक उदाहरणाचा निर्णायक भाग कोल्हापुरातच घडलेला आहे. संत बहिणाबाई (१६२८–१७००) ही वेरूळ परिसरातील देवगावची. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिचा विवाह तीस वर्षांच्या एका बिजवर ब्राह्मणाशी झाला. पुढे कौटुंबिक अडचणींमुळे हे कुटुंब गाव सोडून निघाले आणि फिरत फिरत कोल्हापुरास येऊन राहिले. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. एका कपिला गाईचे वासरू तिला विलक्षण लळा लावून होते. ती कीर्तनाला गेली की तेही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात या वासरावरून आणि मुलीवरून जी चर्चा झाली ती पतीच्या कानी गेली, आणि त्याने तिला वेणी धरून मारले व बांधून घातले. त्यानंतर वासराने अन्नपाणी सोडले आणि ते मेले. मुलगी कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती. त्या अवस्थेत तिला विठ्ठलाचे आणि मग तुकारामांचे दर्शन झाले. तुकाराम तेव्हा हयात होते, पण तिने त्यांना कधी पाहिलेले नव्हते.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते तिनेच अभंगांत सांगितले म्हणून. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये या आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्यामुळे ती मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंतही पोहोचली. या अभंगांचे वैशिष्ट्य त्यांतील दुःखाच्या प्रमाणात नाही. पती मारतो हे सांगणारी ती पहिली किंवा एकटी स्त्री खासच नव्हे. वैशिष्ट्य असे की ती संबोधन फिरवीत नाही, सीतेचा आधार घेत नाही. स्थळ, माणसे, वय, घटना क्रमाने सांगते. स्त्रीदेह मिळाल्यामुळे वेदांचा अधिकार नाही, मग परमार्थ कसा साधावा, हा तिचा प्रश्न तिच्या नावानिशी उभा आहे. आणि त्याच गाथेत पतिव्रताधर्माचे अभंगही आहेत. ज्याने मारले त्याच्याच सेवेत परमार्थ पाहण्याचा निश्चय तिने बोलून दाखविला. या दोन गोष्टींत विसंगती आहे हे खरे. ती झाकून टाकण्याचा प्रयत्न चरित्रकार करतात, स्वतः बहिणाबाई करीत नाही.

एवढे उघड बोलणे तिला कशामुळे शक्य झाले? भक्तीमुळे, हे उत्तर योग्यच; परंतु भक्तीला येथे एका व्याकरणिक रूपाचेही साह्य झालेले आहे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा 'बहिणी म्हणे' अशी आहे. अभंगाच्या पोटात 'मी' म्हणून बोलणारी स्त्री शेवटच्या चरणात स्वतःलाच तृतीय पुरुषात ठेवते. जे बोलले गेले ते कोणी बोलले याची ग्वाही जणू दुसराच कोणी देतो. त्यातही 'म्हणे' हे रूप बारकाईने पाहावे. 'म्हणतो–म्हणते' ही रूपे धातुसाधितापासून आलेली असल्याने त्यांना लिंग आहे. 'म्हणे' हे जुन्या वर्तमानाचे रूप, त्याला लिंग नाही. 'तुका म्हणे' आणि 'बहिणी म्हणे' यांत क्रियापद एकच आहे. वेदाधिकार नाकारलेल्या स्त्रीला ज्या परंपरेने बोलू दिले, त्या परंपरेच्या मुद्रेतही क्रियापदाने स्त्रीपुरुष असा भेद केलेला नाही. जनाबाईची मुद्रा यापूर्वीची आहे आणि तीही याच रीतीची. मात्र जनीच्या मुद्रेत ती कोणाची दासी हेही बहुधा येते. बहिणाबाईच्या मुद्रेत फक्त तिचे नाव आहे. भाषेने हे समतेच्या हेतूने केले असे म्हणणे हास्यास्पद होईल. जुने रूप टिकले, आणि ते एका स्त्रीच्या उपयोगी पडले, एवढेच.

याच नावाची दुसरी स्त्री अडीचशे वर्षांनंतर खानदेशात झाली. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा जन्म जळगावजवळील असोद्याचा. शेतकरी कुटुंब, अक्षरओळख नाही, तिशीच्या सुमारास वैधव्य, पदरी मुले. त्या शेतात, घरात, जात्यावर गाणी रचून म्हणत. ती पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी होते, तरीही आईची गाणी छापण्याजोगी आहेत की नाहीत याविषयी त्यांना संकोच होता. आचार्य अत्रे यांनी ती पाहिली, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये संग्रह निघाला. तेव्हा कवयित्री हयात नव्हती.

जोतिष्याला उद्देशून असलेली त्यांची रचना या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आशय असा : कपाळावरची कर्माची रेषा आजवर कुंकवाखाली झाकलेली होती, कुंकू पुसले गेले आणि ती उघडी पडली. आता हात पाहण्याचे कारण नाही, माझे दैव मला कळले आहे, माझ्या दारी येऊ नकोस. यातील कुंकू हे ओवीच्या ठराविक शब्दांपैकीच एक. ओवीत ते पतीचा पर्याय म्हणून येते. येथे ते तसेच आहे, पण त्याच वेळी ते कपाळावरचे खरोखरीचे कुंकूही आहे, पुसल्यावर कातडी दिसणारे. शेकडो वर्षे झिजलेल्या शब्दाला त्याचा मूळ पदार्थ परत मिळाला. 'अहेव मरणा'च्या ओवीने ज्या भयाला वळसा घातला, ते भय येथे घडून गेलेले आहे. म्हणून वळसा नाही, परंतु संबोधन आहे. बाई स्वतःशी बोलत नाही, दारात आलेल्या परक्या माणसाला परत पाठविते. रडणे येथे नकारार्थी आज्ञेच्या रूपात आलेले आहे. ओवीच्या परंपरेतून नवी रचना निर्माण होते ती अशी : साचा मोडून नव्हे, तर साच्यातील एका जागी स्वतःचा अनुभव इतक्या बरोबर बसवून की तो शब्द पुन्हा पूर्वीसारखा उरत नाही.

येथे साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. सोपानदेव नसते तर ही रचना आज 'खानदेशातील एक ओवी' म्हणून, कदाचित 'वैधव्य' या मथळ्याखाली, एखाद्या संग्रहात असती. मग आज त्या मथळ्याखाली ज्या ओव्या आहेत, त्यांतील किती अशाच कोणा एकीच्या आहेत? लोकगीत हे अनामिक असते, ते समूहाचे असते, असे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगितले जाते. परंतु पुष्कळदा ही अनामिकता गीताचा गुण नसून संकलनाची रीत असते. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या गोळा करून विषयवार लावल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. ते काम त्या वेळी झाले नसते तर पुष्कळसे कायमचे गेले असते. पण विषयवार लावणी म्हणजे गाणारीच्या हातून ओवी काढून विषयाच्या हाती देणे होय. एका स्त्रीने एका पहाटे म्हटलेल्या वीस ओव्या, माहेरापासून सवतीपर्यंत आणि सवतीपासून मरणापर्यंत ज्या ओघाने आल्या तो ओघ, अशा लावणीत वीस ठिकाणी विखुरतो. वारणेपलीकडे, वाळवे तालुक्यातील बागणीच्या सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे जे प्रचंड काम केले, त्यात घरच्या आणि परिसरातील बायांच्या तोंडचा जिवंत संदर्भ पुष्कळ राखलेला दिसतो. तो त्यांना जन्मापासून परिचित होता.

याबाबतीत निर्णायक बदल हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी केला. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनी व त्यांच्या ग्रामीण सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव ठेवले. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साह्याने ध्वनिमुद्रणही झाले. हा संग्रह २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नावासह ओवी वाचताना एकच ओळ दोन गावांत दोघींच्या तोंडी आलेली दिसते, आणि एखाद्या स्त्रीने त्याच ओळीचा उत्तरार्ध बदललेलाही दिसतो. अमुक ओवी कोणी 'रचली' याचे उत्तर त्यामुळे नेहमी मिळेल असे नाही. परंतु बदल कोठे झाला हे दाखविता येते, आणि स्वतःचे असे जे काही असते ते बहुधा त्या बदललेल्या अर्ध्या ओळीतच असते.

लिप्यंतराचा प्रश्न येथेच येतो. कोल्हापूरकडील स्त्रीच्या ओवीत 'सांगतो' असे रूप ऐकू आले आणि लिहिणाऱ्याने, ते अशुद्ध समजून किंवा स्त्रीचे म्हणून, 'सांगते' असे उतरून घेतले, तर छंद बिघडत नाही आणि अर्थही कळतो. तरीही दोन गोष्टी हरवतात. एक तर ओवी कोणत्या भागातील आहे याचा पुरावा जातो. दुसरे, त्या बोलीत प्रथम पुरुषी क्रियापद एकट्याने गाणारी स्त्री आहे हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम चुडा, माहेर, बंधू, सई या शब्दांवर पडते. लिंगवाचक प्रत्यय नसलेल्या 'मी'ला स्त्री करण्यासाठी संपूर्ण ओवी राबते. प्रमाणीकरणाने हे राबणे दिसेनासे होते. याच्या उलट, जेथे गाणारीने खरोखरच 'सांगते' म्हटले असेल तेथेही ते तसेच उतरले पाहिजे. कारण रोजच्या बोलण्यात एक रूप वापरणारी स्त्री गाण्यात दुसरे वापरते, हीही नोंद तितकीच मोलाची आहे. गीताची भाषा आणि बोलण्याची भाषा या तिला दोन वाटतात की एक, याचा तो पुरावा असतो.

वारणेच्या खोऱ्यात आता ऊस आहे, साखर कारखाना आहे, आणि पीठ विजेच्या गिरणीतून येते. गिरणीपाशी रांग असते, गाणे नसते. तेथील आवाजात ते ऐकूही जाणार नाही. जाते मात्र पुष्कळ घरांत अजून आहे. लग्नाच्या आधी हळद दळावयाची असते तेव्हा ते बाहेर काढून धुतात, त्याला हळदीकुंकू वाहतात, खुंट्याला पान बांधतात, आणि सुवासिनी चार फेरे ओढतात. त्या वेळी जी गाणी होतात ती मंगल असतात. देवाची, जोतिबाची, नवऱ्या मुलीची. सासुरवासाच्या ओव्या त्या प्रसंगी म्हणत नाहीत. त्या ऐकावयाच्या असतील तर हळद दळून झाल्यावर, मांडवातील माणसे जेवावयास उठल्यावर, जात्याजवळ मागे राहिलेल्या एखाद्या म्हातारीपाशी बसावे लागते. ती आधी आठवत नाही म्हणते. मग एक आठवते, आणि पहिलीच्या शेवटच्या शब्दाने दुसरी ओढून आणली जाते. वहीत लिहिणाऱ्याने त्या वेळी प्रथम तिचे नाव लिहावे, आणि मग क्रियापदाचा शेवट नीट ऐकावा.